चाळीस सीडी आणि पुठ्ठ्याची कव्हरं

सीडी मशीनमधून बाहेर आली की आप्पा ती दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडे उचलायचे. एक डोळा मिटायचे, सीडी हळूहळू फिरवायचे आणि मान तिरकी करून पार कडेपर्यंत बघायचे. मग ती खाली ठेवून मला विचारायचे, "सांधा बठना ना, भाऊ?" सांधा बसला ना, असं त्यांना म्हणायचं असे. सीडीचा आणि सांध्याचा संबंध काय, हे मला कळायला चार आठवडे गेले. खरं तर या माणसाबद्दल मला वेळेवर असं काहीच कळलं नाही.

कापड कारखान्यांच्या उधन्यात माझं चार कॉम्प्युटरचं सायबर कॅफे होतं. मोबाइलवर सगळं फुकटात दिसायच्या आधीचे दिवस ते. लोक फॉर्म भरायला यायचे, रिझल्ट बघायला यायचे, जन्मदाखल्याची झेरॉक्स काढून जायचे. अशात एका दुपारी पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस दाराबाहेर चपला काढून आत आला. कॅफेत चपला काढणारं ते पहिलंच गिऱ्हाईक. आमच्या गल्लीतल्या खानदेशी लोकांत ते आप्पा होते, मग माझेही आप्पाच झाले. खरं नाव मी विचारलं नाही.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. सुबक इंग्रजी अक्षरात एका मोठ्या कॉलेजातल्या सरांच्या लेक्चरचा नेटवरचा पत्ता होता. इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, चाळीस लेक्चर.

"मनी पोर शिकस," आप्पा म्हणाले. "तिले हाई पाहिजे. सीडी करी दे."

हळूहळू एवढं समजलं, की मुलगी दोंडाईच्याच्या बाजूला गावी होती. याच एका पेपरात ती दोनदा नापास झाली होती. आता एकच संधी उरली होती. ती गेली की कॉलेज सुटलं, आणि कॉलेज सुटलं की घरात येणाऱ्या पाहुण्यांना चहा घेऊन पुढे जायचं. त्यातले एक तर दिवाळीनंतर पुन्हा येणार म्हणून सांगून गेले होते. गावात नेट नव्हतं. म्हणून मी इथे लेक्चर उतरवायचं, सीडीवर टाकायचं आणि आप्पांनी ती गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती सकाळच्या गाडीने पाठवायची, असं ठरलं.

एका सीडीत तीन-चार लेक्चर मावली असती. आप्पांना ते पटेना. एका सीडीत एकच, खिचडी नको. बरं, सीडी घेऊन जातील तर तेही नाही. उतरवलेलं लेक्चर ते समोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत. तासभर! इंग्रजीचं अक्षर समजत नसताना, मांडीवर हात ठेवून, वर्गात बसावं तसे बसत. सरांनी पोरांना प्रश्न विचारला की आप्पा जरा अंग चोरत.

मला राग यायचा. चारातला एक कॉम्प्युटर आठवड्याच्या त्यांच्या सुट्टीला अख्खी दुपार अडलेला. "आप्पा, यात तुम्हाला काय समजतं हो?" मी एकदा वैतागून म्हणालोच. ते शांतपणे म्हणाले, "समजत काही नही. बघनं पडस."

चौथ्या लेक्चरला मात्र त्यांनी मला गप्प केलं. लेक्चर सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील नसतील, तोच हात वर गेला. "थांबाड. भाऊ, जुयत नही."

"काय जुळत नाही?"

"हाऊ सर तोच शे. फया तो नही."

फळा तो नाही म्हणे! मी म्हटलं, आप्पा, फाइलवर चार नंबर लिहिलाय, तुमचा काय संबंध. ते हलेनात. तिसऱ्या लेक्चरच्या शेवटी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सरांनी काहीतरी चौकटीत लिहून ठेवलं होतं आणि ते पुसू नका असं हाताने सांगितलं होतं. या लेक्चरात तो कोपरा कोरा होता. मी शोधाशोध केली तर खरंच, ते वेगळ्याच वर्षीच्या बॅचचं चौथं लेक्चर निघालं. आमचं चौथं उघडलं आणि डाव्या कोपऱ्यात चौकट जशीच्या तशी. आप्पा इतके खूश झाले, की त्यांनी मला हाताने चहा पाजला. पाजला म्हणजे बशी धरून उभे राहिले.

त्या दिवशी कळलं, की ते कारखान्यात बीम जोडणारे होते. मागावरचा जुना बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की त्याच्या हजारो धाग्यांची टोकं नव्या बीमच्या टोकांना एकेक करून गाठ मारून सांधायची, हे त्यांचं काम. एक टोक चुकलं की पुढचं सगळं कापड खराब. तीस वर्षं दुसरं काही केलं नाही. म्हणून लेक्चरकडेही ते तसेच बघत. मागचं टोक पुढच्या टोकाला मिळालं का, एवढंच.

तेव्हापासून ते फळा उतरवून घेऊ लागले; आधीच्या तिन्ही लेक्चरांचाही पुन्हा लावून उतरवला. सुताच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सीडीची कव्हरं तेच करून आणत. आता त्या कव्हरांच्या आतल्या बाजूला, घड्यांवर, मागे-पुढे बॉलपेनने फळा यायला लागला. फळा भरला की म्हणायचे, "थांबाड." मी चित्र थांबवायचं. ते वाकून, जीभ दातात धरून एकेक खूण काढायचे. इंटिग्रलची वेणीसारखी ती लांब खूण त्यांची पहिल्यांदा उलटी आली, आणि शेवटपर्यंत उलटीच येत राहिली. तासाचं लेक्चर आता दोन तासांचं झालं.

"अहो, व्हिडिओ आहे ना सीडीत! हे कशाला?"

"सांधाले खूण पाहिजे, भाऊ."

मी कपाळावर हात मारून घेतला. मला हे खूळ वाटायचं, आणि मी ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचोही. त्याची आज लाज वाटते.

आठवड्यातून एकदा ते माझ्या दारातूनच गावी फोन लावत. "दिखस ना, माय?" हा पहिला प्रश्न. पलीकडून हो आलं की लगेच, "नवव्याना फया आठव्याले जुयना का?" पलीकडे काहीतरी उघडल्याची खुडबुड, मग पुन्हा हो. आप्पा माझ्याकडे बघून मान डोलवायचे. चाळिसावी सीडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी गेली. मग आप्पा दिसेनासे झाले, आणि मीही विसरलो.

पुढे एक दिवस एक मुलगी आली. चपला बाहेर काढल्या तेव्हाच मी ओळखलं.

"दादा, मी आप्पांची मुलगी. पास झाले. एकाहत्तर मार्क."

मी सीडीचा प्रताप म्हणून छाती फुगवणार, तेवढ्यात ती मागे दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "एक सांगायचं होतं. आप्पांना कळू देऊ नका. त्या सीडी चालल्याच नाहीत."

"चालल्या नाहीत म्हणजे?"

"आमच्याकडे टीव्हीला जोडायचा सीडी प्लेअर आहे. त्यात एकही लागली नाही."

मी सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर चालतील अशा केल्या होत्या. साध्या प्लेअरसाठी त्या वेगळ्या तऱ्हेने कराव्या लागतात. ती कशावर बघणार, हे मी विचारलं नाही आणि आप्पांनी सांगितलं नाही. चाळीस आठवडे! एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं माझं?

"मग पास कशी झालीस?"

तिने पिशवीतून एक पुठ्ठा काढला. "यावर. पहिल्या तीन लागल्या नाहीत तेव्हा सांगणारच होते, की दिसत नाही. पण आप्पा फोनवर म्हणाले, दोन तास बसून बघितलंय, फळा जुळतो का बघ. मी कव्हर उघडलं तर सगळी गणितं पायरी-पायरीने सोडवलेली. एकही पायरी सुटलेली नाही, दादा. कॉलेजात मी स्वतः लिहिताना चार पायऱ्या सोडायचे." ती हसली, आणि तिचे डोळे भरले. "इंटिग्रल सगळे उलटे आहेत. पेपरात मीसुद्धा दोन उलटे काढले."

आप्पांना सांगू नये हे मान्य होतं. पण एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची कशी, ते कळेना.

महिन्याभरात आप्पाच आले. भरताची वांगी आणली होती, हिरवीगार, पिशवीभर. कारखान्यात गाठी मारणारं यंत्र आलं होतं, म्हणून ते गावी निघाले होते. "तुन्या सीड्यांनी पोर पास कई, भाऊ," ते म्हणाले, आणि माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना धरलं. त्या क्षणी मी किती लहान माणूस आहे हे मला नीट दिसलं. खरं सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं.

त्याऐवजी मी खोटं बोललो. म्हटलं, नवीन चांगल्या सीडी आल्यात, टीव्हीत सर मोठे दिसतात, तुम्हाला आठवण म्हणून एक संच देतो. दोन दिवस खपून चाळीसच्या चाळीस साध्या प्लेअरवर चालतील अशा नव्याने केल्या, माझ्या घरच्या प्लेअरवर एकेक लावून बघितली. आप्पांनी शेवटची सीडी ट्यूबलाइटकडे उचलली, एक डोळा मिटला. या वेळी मीच विचारलं, "सांधा बठना ना, आप्पा?" ते म्हणाले, "बठना." ते त्यांचं माझ्या दारातलं शेवटचं बोलणं.

तीन वर्षांनी एका थंडीत मुलीचा फोन आला. तिला पुण्याला नोकरी लागली होती. मी भीत भीत आप्पांचं विचारलं.

"रोज दुपारी जेवण झालं की एक लेक्चर लावतात. आई ओरडते. जुन्या सीडी त्यांनी शेतात बांधल्या, ज्वारीवर पाखरं बसतात म्हणून. चाळीसच्या चाळीस. लांबून सगळं शेत चमकतं."

मी लगेच विचारलं, "जुन्या त्यांनी लावून बघितल्या होत्या का?"

"माहीत नाही, दादा. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

"आणि कव्हरं?"

"कव्हरं बांधली नाहीत. ती आप्पांनी लोखंडी पेटीत ठेवलीत, माझ्या मार्कशीटच्या खाली. मागितली तर मलाही देत नाहीत."

आता तुम्हीच सांगा, त्यांना कळलं होतं की नव्हतं? मी इतकी वर्षं विचार करतोय आणि माझं काही ठरत नाही. कॅफे केव्हाच बंद झालं, आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिने त्या दिवशी दाखवलेलं कव्हर, तेविसाव्या लेक्चरचं, ती माझ्या टेबलावर विसरून गेली होती. आप्पांच्या पेटीत एक कव्हर कमी आहे. त्यांच्या ते ध्यानात आलं नसेल, असं मला वाटत नाही.