ट्रफलचे वेफर्स

काल मित्राकडे, सुधीरकडे, चहाला गेलो होतो. त्याने एक काळं चकचकीत पाकीट जपून कापलं आणि काचेच्या वाडग्यात मोजकेच वेफर्स ओतले. "ट्रफलचे आहेत. परदेशातली महागडी बुरशी असते ती," तो म्हणाला.

बटाटा बिचारा साधा. तेल-मीठ मिळालं की खूश. त्याला असलं अत्तर चोपडून तिप्पट भावाने विकणारे लबाड असतील, पण घेणाऱ्यांना काय म्हणावं? मी एक तोंडात टाकला. बंद कपाटातल्या कोंदट कपड्यांचा वास आला.

सुधीरची बायको वैशाली सरळ म्हणाली, "मला नाही बाई आवडले. ओल्या गोणपाटासारखे लागतात."

"तुला नाही कळायचं त्यातलं," सुधीर हसला आणि माझ्याकडे वळला. "तू सांग, कसे आहेत?"

वैशालीही माझ्याकडेच बघत होती.

"वेगळीच चव आहे," मी म्हणालो. "उंची."

ती रिकामे कप उचलून आत गेली. सुधीरने वाडगा माझ्यापुढे सरकवला. मी आणखी एक उचलला आणि, सांगायला लाज वाटते, मान डोलावत खाल्ला.