विरजण मागायला

शांते, तू तेव्हा आईच्या कडेवर होतीस, तुला कुठलं आठवायला! आपण जिंतूर सोडलं तेव्हा बैलगाडी दारात उभी, आणि आई आपली एकेकाच्या तळहातावर दही ठेवतेय. उरलेलं दही मडक्यासकट तिनं शेजारणीला देऊन टाकलं. "अवं, विरजणापुरतं तरी घ्या की," ती बिचारी म्हणाली. आई 'नको' म्हणून गाडीत चढली.

वडील निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात वसूल करणारे कारकून. तबादल्याचा हुकूम आला की आपलं बिऱ्हाड निघालंच! चारठाण्याला पोचलो, तर सामान उतरायच्या आत माझ्या हातात वाटी. "जा, शेजारी विरजण माग." मी लाजेनं अर्धी झाले. त्यात दिवेलागण झालेली. शेजारीण म्हणाली, "या वक्ताला विरजण देत न्हाईत, बाई." मी रडत परत, आणि आई हसायलीय! सकाळी तीच बाई विरजणाची वाटी घेऊन आपल्या दारात. दुपारी तिच्या पोरींबरोबर मी सागरगोटे खेळत होते.

पोखर्णीलाही तेच. मी चिडून विचारलं, "संगं का घेत न्हाईस गं?"

"वळख करायला बहाना पायजे. बिगर बहान्याचं कुणाच्या दारात जाशील का तू?"

लग्न होऊन पुण्याला आले आणि हे सगळं विसरले. आता इथंच राहायचं, असं हे कितीदा सांगत; मला पटेना. ट्रंकेतलं सामान ट्रंकेतच. ओळख केली की तुटणारच, म्हणून कुणाशी बोलणं नको. संध्याकाळी छातीत धडधड, उगाच रडू. वैद्याचे काढे झाले. मग आई आली. दोन दिवस नुसती बघत राहिली आणि एका सकाळी घरातलं सगळं दही कढीत ओतलं. "संपलं बग. जा, माग."

लग्न झालेली बाई मी, वाटी घेऊन जिन्यात उभी. समोरच्या काकूंनी दार उघडलं, आत बसवलं, चहा दिला. एका वाटीनं सगळं बरं झालं असं नाही. ती धडधड लय दिवस पुरली. पण ट्रंक त्याच आठवड्यात रिकामी केली.

तू जिंतूरलाच सासरी गेलीस, म्हणून तुला वाटतं मी बेघर राहिले. अगं, गावोगाव माझी घरं होती, आईनं एका वाटीवर मिळवून दिलेली. कसे फेडू तिचे उपकार?

काल दार वाजलं. वर नवी राहायला आलेली पोर, मान खाली, हातात वाटी. "मावशी, थोडं विरजण मिळेल?" दिवेलागण झाली होती. मी तिला आत घेतलं, आणि विरजण दिलं.