भोकं बुजवलीत, सबनीसकाका?

दार उघडल्याबरोबर नव्या रंगाचा वास आला.

"काका, रंग कधी दिलात?"

"वीकेंडला," मुकुंद सबनीस खुशीत म्हणाले. "टॅक्स ऑफिसचा माणूस घरी येणार आणि भिंती अशा? बरं दिसतं का ते? सगळी भोकं बुजवून टाकली."

मी तेव्हा लंडनजवळ हॅरोमध्ये अकाउंटंट होते आणि सबनीसकाका माझे क्लायंट. मूळचे पुण्याचे इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये कंपनी काढली होती. इथल्या जुन्या घरांच्या भिंतींना ओल येते. ती भिंतीच्या आतून मोजून रेडिओवर कळवणारा सेन्सर त्यांना बनवायचा होता. त्याच्या चाचण्या घरच्याच भिंतींना भोकं पाडून चालत. एकदा बसवला की वर्षानुवर्षं हात लावायला नको, असा हट्ट. त्या हट्टापायी घर गहाण पडलं होतं आणि बँकेने आणखी थांबायला नकार दिला होता. आर अँड डी टॅक्स क्रेडिट मिळालं तर घर वाचणार होतं. नाहीतर विकायचं.

हे क्रेडिट तेव्हा नवंच होतं. छोटी कंपनी संशोधनावर खर्च करून तोट्यात गेली, तर तो तोटा पुढच्या नफ्यातून वजा करायचा हक्क सोडायचा आणि बदल्यात सरकारकडून रोख पैसे घ्यायचे. मुख्य अट अशी, की हाती घेतलेलं काम जमेल की नाही हे त्या विषयातल्या जाणकारालाही आधी सांगता येऊ नये. याला 'अनसर्टन्टी' म्हणतात. म्हणजे तुम्ही आपटलात, फसलात, तरी तो खर्च चालतो. उलट सगळं सुतासारखं सरळ झालं, तर ऑफिसर विचारणार, मग यात संशोधन कसलं?

हे मी काकांना किती वेळा सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

"बिघडलेले सेन्सर कुठायत?" गॅरेजमध्ये त्यांची खोकी मी स्वतः पाहिली होती.

"कौन्सिलच्या कचरा डेपोत टाकून आलो."

"सगळे?"

"अगं, भंगार ते. हा चालू पीस ठेवलाय ना." टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालावर एकच सेन्सर मांडला होता.

"काका, ते भंगार दाखवायलाच मी त्या माणसाला बोलावलंय!"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळ."

"इथे झाकलीत तर दमडी मिळणार नाही!" माझा आवाज चढला. तेवढ्यात बेल वाजली.

टॅक्स ऑफिसचे मिस्टर हॉल सज्जन माणूस. आल्या आल्या बूट काढू का म्हणून विचारलं. नलिनीकाकूंनी चहा आणि बटाटेवडे आणले. एक वडा संपवून हॉलनी वही उघडली आणि अगदी सोपा प्रश्न विचारला. हे बनवताना तुम्ही कुठे अडलात?

"नो प्रॉब्लेम अ‍ॅट ऑल," काका म्हणाले. "फर्स्ट टाइम राइट!"

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांना वाटलं, मी आणखी बोला म्हणतेय.

"एनी गुड इंजिनिअर कॅन डू इट," त्यांनी नम्रपणे पुढे जोडलं.

झालं! जे वाक्य मेलं तरी बोलायचं नाही, नेमकं तेच. आपल्या तोंडाने आपल्याच क्लेमचं श्राद्ध घातलं. हॉलनी पेन खाली ठेवलं. असं असेल तर मला हे मान्य करणं कठीण आहे, ते हळूच म्हणाले. मला तर काकांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

तोच चहाची किटली दाणकन खाली आदळली.

"फर्स्ट टाइम? व्हॉट फर्स्ट टाइम?" काकू उभ्या राहिल्या होत्या. "मिस्टर हॉल, यू कम हिअर."

त्यांनी कोपऱ्यातलं शोकेस ढकललं. ते जड म्हणून काकांनी रंग देताना हलवलंच नव्हतं. मागे भिंतीची नुसती चाळणी.

"धिस वन, फर्स्ट विंटर. पाणी सेन्सरच्या डबीतच शिरलं. भिंत कोरडी आणि हा सांगतोय ओली! धिस वन, बॅटरी डेड बिफोर ख्रिसमस. धिस वन, रेडिओ नॉट वर्किंग. वाफ पाहिजे म्हणून माझ्या बेडरूममध्ये किटल्या उकळल्या, सगळा वॉलपेपर गळून पडला! माझ्या बांगड्या गेल्या यात. आईला भेटायला जाता आलं नाही मला. अँड ही सेज नो प्रॉब्लेम!"

काकूंचं मराठी मी हॉलना इंग्रजीत सांगत होते आणि ते भिंतीजवळ वाकून बघत होते. "पाणी आत का शिरलं?"

"आस्क हिम," काकू म्हणाल्या.

काका कानापर्यंत लाल झाले. मग खाली मान घालून बोलायला लागले. डबी पूर्ण बंद केली तर ओल मोजता येत नाही. उघडी ठेवली तर भिंतीतले क्षार सेन्सरच खाऊन टाकतात. यावर उपाय कुठल्या पुस्तकात नव्हता, ज्यांना विचारलं त्यांनी नाद सोडा म्हणून सांगितलं होतं. "मग काय केलंत?" हॉलनी विचारलं, आणि काकांचा सूरच बदलला. दोघंही भिंतीपाशी उकिडवे बसले. मी भराभर लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, अहो, हेच तर बोलायचं होतं ना आधी!

काकूंनी सांगितलेल्या एकेका फजितीच्या वेळची सुट्या भागांची बिलं मी नंतर शोधून पाठवली. सगळं जुळलं. क्लेम मंजूर झाला, बँक गप्प झाली, घर राहिलं.

चेक आला त्या दिवशी काकांचा फोन आला. आभार वगैरे राहिलं बाजूला.

"एक कर, आपल्या मराठी मंडळात कुणाला सांगू नकोस हं, मला काय काय जमलं नव्हतं ते."

मागून काकूंचा आवाज आला, "माझं सांगून झालंय सगळ्यांना!"

तेव्हापासून नवा क्लायंट आला की मी शोधाबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, या कामापायी घरात तुमच्यावर सगळ्यात जास्त कोण चिडलंय? मीटिंगला त्यांना बसवा, तुम्ही चहा करा.