भोक नसलेला पाला

ज्या पाल्याला एकही किडा शिवला नव्हता, तो मी मुद्दाम निवडून किड्यांनाच खायला घातला, आणि वर स्वतःवर खूश झाले. तेव्हा मी तशी पोरच होते. सत्तरीसुद्धा गाठली नव्हती, अक्कल कुठून येणार?

आमचे हे कुंभकोणमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत. दरवर्षी पाऊस सरला की वर्गातल्या मुलींना घेऊन कोडियक्करैला जायचे, समुद्राकाठच्या जंगलात, रातकिडे नि नाकतोडे बघायला. लग्न नवं होतं तेव्हा मीही एकदा गेले. कोरी रेशमी साडी, डोक्यात मल्लिगेचा गजरा. खारट चिखलात शोभा काय वर्णावी! वाळूच्या रंगाचा एक नाकतोडा उडाला तो थेट माझ्या पदरावर. मी किंचाळले. हे सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "हलू नको, घाबरेल तो."

तो घाबरेल! त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही. हे जात राहिले, औषधाच्या बाटल्यांत मेलेले किडे भरून आणत राहिले, त्यांना टाचण्या टोचून पेट्यांत मांडत राहिले. पाहुणे आले की मी त्या पेट्यांकडे बोट करून सांगायची, "या माझ्या सवती."

माझा मान स्वयंपाकघरात होता. चोळपुरमहून बाजारात कीरै येते, म्हणजे पालेभाजी. तिची एकेक जुडी उजेडात धरून, पानं उलटीपालटी करून घ्यावी तर मीच. एक भोक दिसलं की जुडी परत. सासूबाई चारचौघींत सांगत, "सून काळी आहे, पण पाला निवडावा तो हिनेच." यांनी कधी भोकं पडलेली जुडी आणली तर मी विचारायची, "तुमच्या विद्यार्थ्यांनी आधीच जेवून घेतलेलं दिसतंय?" हे म्हणत, "अगे, त्यांना चालतं ते आपल्याला का चालू नये?" मी ती जुडी गाईला घालायची.

मग यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं, आणि यांना घरी आणलं. हे खाटेवरून खिडकीबाहेर बघत पडून असायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "इथे काहीच वाजत नाही गे. पलीकडे एवढी शेतं आहेत, एकही रातकिडा वाजत नाही."

मी म्हटलं, "कान गेले तुमचे."

"तुझी बडबड ऐकू येते की."

आमची नात त्यांच्याच वाटेने गेलेली. कीटकांवर अभ्यास करते. ती कोडियक्करैला, जंगलाच्या हद्दीबाहेर, मिठागराच्या बांधापाशी गेली आणि जाळी बांधलेल्या डब्यात वाळू घालून रातकिडे घेऊन आली. चार-पाच असतील. सोबत झुडपावरचा एक हिरवा, आपल्या अंगापेक्षा लांब मिशांचा. यांनी डबा पोटाशी धरला. अट एकच घातली. "हे उसने आहेत. जन्मभर मारले मी. हे परत न्यायचे, जिथून आणलेस तिथेच सोडायचे. रविवारी नेशील?"

"नेते, आजोबा." जाताना ती मला म्हणाली, "आजी, काकडीची चकती पुरे. साल काढून. दुसरं काही घालू नको."

त्या संध्याकाळी डबा वाजायला लागला. आधी एक, थांबून दुसरा. हे डोळे मिटून सांगत होते, हा वाळूत बीळ करणारा, हा म्हातारा, याचा पंख फाटलाय बघ. मी उगीच हो हो करत होते. मला सगळे सारखेच. पण यांच्या कपाळावरची आठी गेली होती, कितीतरी दिवसांनी. इतकी वर्षं सवत म्हटलं, त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली. वाटलं, रविवारपर्यंत तरी हे असेच वाजोत.

आणि माया वाटली की मी काय करते? वाढते. एवढ्या लांबून आलेले पाहुणे, त्यांना काकडीची चकती? सकाळी बाजारात गेले. चार जुड्या परत केल्या. पाचवी घेतली, पानं अशी की त्यांत तोंड बघावं, भोक शोधून सापडू नये. घरी येऊन कोवळी कोवळी पानं डब्यात घातली. धुतली नाहीत, म्हटलं, ओल्याने त्यांना सर्दी होईल. हसा, मीही हसते कधी कधी.

संध्याकाळ झाली. डबा गप्प. हे थोडा वेळ वाट बघून म्हणाले, "आज उशीर झाला यांना."

"निजलेत," मी म्हटलं. मी दुपारीच बघितलं होतं. सगळे उताणे पडले होते. त्या लांब मिशांच्याचा एक पाय तेवढा हलत होता, मग तोही थांबला.

"डबा आण."

आणला. करणार काय? यांनी जाळी काढली, एकेकाला बोटाने उलटं केलं. मग पान उचललं, दिव्यासमोर धरलं, अगदी मी बाजारात धरते तसं. पुढून बघितलं, मागून बघितलं. शेतात काय फवारतात आणि पानाला भोक का नसतं, ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. रविवार दोन दिवसांवर होता, आणि परत न्यायला डब्यात कोणी उरलं नव्हतं. मी खाटेच्या कडेला बसून रडायला लागले, "मीच मारले हो, मीच," म्हणत. यांनी ते पान माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली. हात थंड होता त्यांचा.

त्यानंतर हे फार दिवस राहिले नाहीत. ते तेव्हा जे बोलले ती चेष्टा होती की आणखी काही, हे मला विचारता आलं नाही. चेष्टा करायची त्यांना सवय होती, पण त्या वेळी ते हसले नव्हते. म्हणाले, "रडू नको गे. हाच पाला तू मला जन्मभर वाढलास, मी कुठे एका दिवसात गेलो? ते लहान होते, एवढंच."