न्हाणीतली एक तांबडी लादी

चंद्रावतीकाकीची न्हाणी मी उकरायला घेतली ते साठ-एकसष्ट साल असेल. जुन्या तांबड्या लाद्या हलत होत्या, फटींत शेवाळ साचलं होतं, नि त्यावरच घसरून काकीने हात मोडून घेतला होता. तिचा घोव विठोबाकाका मला म्हणाला, "लवू, सगळा काढ नि नवी फरशी घाल." गवंड्याला आणखी काय हवं?

अर्धं काम झालं नि काकी गळ्यात हात अडकवून आली, पाणी तापवायच्या चुलीजवळ कोपऱ्यातल्या एका लादीवर फतकल मारून बसली.

"ह्या लादयेक हात लावलंस तर बघ! खाली माझ्या शिवाची वार पुरलेली आसा."

बाळंतपणाची वार न्हाणीत पुरायची नि पुन्हा तिला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीतच. आणि शिवा एकुलता एक, गलबतावर खलाशी. तेव्हा कौलं आणायला मंगळूरला गेलेला.

"अगो काकी, ऊठ! कालवलेलो माल सुकता माजो."

"सुकांदे! ती उकरलंस नि दर्यात माझ्या झिलाक काय झाला तर तू आणून देतलंस?"

माझं डोकंच फिरलं. पण करतो काय? चकचकीत फरशीत ती एकच तांबडी लादी बोटभर वर राहिली. विठोबाकाकाला रोज तिची ठेच लागायची नि तो मला शिव्या घालायचा. माझ्या कामाची पार शोभा झाली.

दिवाळीनंतर वादळ झालं. शिवाचं गलबत परत आलं नाही. दाभोळकडच्या खलाशांनी फळ्या तरंगताना पाहिल्या. भावकीने क्रियाकर्माचं काढलं, पण काकी ऐकेना. "त्याची वार जाग्यार आसा. येतलो तो," एवढंच म्हणे. वर्ष गेलं. कपाळावर हात मारून सगळ्यांनी नाद सोडला.

मग एक दिवस तिनेच मला बोलावलं. ती पार वाळली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढ ती लादी."

"काकी..."

"माझ्यापायी अडकान ऱ्हवलो आसतलो रे तो. जांवदे त्याका."

छिन्नी लागलीच नाही, लादी हातानेच निघाली. खाली नुसती ओली माती. तिने मूठभर माती पदरात बांधली. मला रडू आवरेना. मी तसाच नवी लादी बसवायला लागलो.

ती दारात थांबली.

"नीट बसव हां लवू," म्हणाली. "ह्यांका ठेच लागता."

आणि पदरातली माती दर्यात सोडायला एकटीच गेली.