कारण : घरची ओढ

ती घटना आजही आठवते, असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं मी ती साफ विसरलो होतो, आणि माझ्या नोकरीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच आहे.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना माझी बदली पुन्हा शहापूरला झाली. खात्यातून बढती मिळून फौजदार झालो, तेव्हा पहिली नेमणूक याच भागात होती. एके दिवशी मुरबाडहून एक समुपदेशक बाई पोलीस ठाण्यात आल्या. लहानपणी वसतिगृहात अत्याचार सोसलेल्या, आता संसारात असलेल्या बायकांना त्या आधार देत. त्यांतली एक तक्रार द्यायला तयार झाली होती. वाशिंदच्या कारखान्यात काम करणारी, पस्तिशीची. नाव सांगणार नाही. कायद्याने ते सांगता येत नाही, आणि मला तर तोंडच नाही.

बाईंच्या अटी ऐकून मी वैतागलो. जबाब ठाण्यात नको, खाकी नको, ती थांबली की आपणही थांबायचं.

"अहो, जबाब घ्यायचाय की सप्ताह बसवायचाय?" मी म्हणालो.

"साहेब, ती इतकी वर्षं थांबली. तुम्ही चार शनिवार थांबा."

चार शनिवार लागले. महिला अंमलदार लिहून घेत होत्या, मी साध्या कपड्यांत बाजूला बसायचो. शहापूरच्या वसतिगृहाचा अधीक्षक मुलींना खोलीत बोलावून काय करायचा, ते तिने तुटक तुटक सांगितलं. आठवीत असताना ती एकदा पळाली, पण एका पोलिसाने तिला परत नेऊन सोडलं, हेही सांगितलं. त्या पोलिसाचा चेहरा तिला आठवत नव्हता.

अधीक्षक आता निवृत्त होता, गावात मानाने राहत होता. चौकशीला आला तो चहा मागूनच बसला. "पोरी पळायच्याच हो साहेब. घरची ओढ. तुमच्याच लोकांनी लिहिलंय. काढा की डायरी!"

काढली. इतक्या जुन्या ठाणे डायऱ्या खरं तर नष्ट व्हायला हव्या होत्या, पण मुद्देमालाच्या खोलीत एक गठ्ठा पडून होता. नोंद मिळाली. 'मुलगी भातसानगर येथे मिळून आली. राहणार तालुका मुरबाड. कारण : घरची ओढ. अधीक्षकांच्या ताब्यात सुखरूप दिली.' अक्षर माझं, खाली सहीही माझी.

अरे, घर मुरबाडकडे आणि पोर सापडली भातसानगरला, धरणाकडे, अगदी उलट्या दिशेला! घरची ओढ लागलेली पोर घराकडे पाठ करून पळेल का? दोन्ही गावं मीच लिहिली होती, एकाखाली एक. पुढे चाळलं तर त्याच वसतिगृहातल्या आणखी पाच मुली, आणि एकही घराच्या वाटेवर सापडलेली नव्हती. अक्षरं वेगवेगळी, कारण तेच. तेवढं लिहिलं की आमचा कागद मिटायचा.

खोटं कशाला बोलू, गठ्ठा होता तिथे परत ठेवावा असं वाटलं. कोणी पाहिला नव्हता. पण तो नसता, तर तिच्या बाजूने तिच्या शब्दाखेरीज काहीच उरलं नसतं. मी तो वरिष्ठांपुढे ठेवला. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला आणि मी साक्षीदार झालो. नोंदींतल्या बायकांकडे आधी समुपदेशक बाई गेल्या, मग पोलीस. तिघींनी जबाब दिले. अधीक्षकाला अटक झाली, खटला अजून चालू आहे.

बाईंना विचारून मी तिला भेटलो. तो पोलीस मीच, असं सांगितलं. मग विचारलं.

"ताई, तेव्हा घरी का नाही गेलात?"

"बापानं परत आणून सोडली असती. आणि मी सापडली नव्हती साहेब. मी चालत आलेली, धरणाच्या चौकीवर. खाकी बघून आलेली. तुमी विचारलाच नाय काय झाला ते."

मला शरमेने वर बघवेना. माणसं आपल्यापर्यंत येतात आणि आपण त्यांना 'सापडली' म्हणून लिहून मोकळे होतो, हे मला नोकरी संपताना कळलं. दुसऱ्या दिवशी मी पुरवणी जबाब दिला. 'सदर मुलगी मिळून आली नव्हती. ती पोलिसांकडे मदत मागायला आली होती. मी तिला काहीही न विचारता परत नेऊन सोडले.'