पावण्याचं पाणी

आमच्या गच्चीवरून मावळतीकडं बघितलं की दोन डोंगर दिसतात. लांबचा जोतिबाचा आणि जवळचा कचऱ्याचा. मी कोडोलीहून लग्न होऊन या वस्तीत आले तेव्हा जवळचा डोंगर नव्हता, भिंतीपलीकडं नुसते ढीग होते. बघता बघता ते भिंतीच्या वर आले, मग विजेच्या खांबाच्या वर गेले, आणि एका वर्षी जोतिबाची एक बाजू आम्हाला दिसेनाशी झाली.

हे सांगितलं की बाहेरचा माणूस नाक मुरडतो. मुरडण्यासारखंच होतं, उन्हाळ्यात दारं लावून जेवावं लागायचं. पण खरं सांगू का, मला त्या ढिगाचं नवलच जास्त वाटायचं. थंडीत पहाटे त्याच्यातून वाफा निघायच्या, आत कुणी चूल पेटवल्यागत. दसरा झाला की शहरभरचे झेंडूचे हार तिथं येऊन पडायचे आणि अख्खा उतार केशरी व्हायचा. पुढच्या पावसात त्यावर झेंडू, टोमॅटो, भोपळा असं काय काय उगवायचं, न लावता, न खुरपता. एवढं मोठं शहर खातं काय, नेसतं काय, देवाला वाहतं काय, ते सगळं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. बघण्याच्या नादात मी किती भाकऱ्या करपवल्या असतील, देव जाणे.

आमच्या घरामागच्या परड्यात वस्तीची विहीर आहे. तिचं पाणी आधी कोऱ्या चहासारखं झालं, मग त्याला वास यायला लागला. एक दिवस म्हशीनं बादलीला तोंड लावलं आणि मान फिरवली. त्यानंतर माझा नवरा रोज सकाळी मोटरसायकलवरून उचगावला नणंदेकडं जायचा आणि पाण्याचे कॅन भरून आणायचा. ते पाणी आम्ही तांब्याच्या कळशीत झाकून ठेवत होतो, तूप ठेवावं तसं.

अशात या कचरा डेपोची परवानगी संपत आली. चालवणाऱ्या ठेकेदारानं ती वाढवून मागितली आणि वर ढीग ओढ्यापर्यंत पसरायची मुभा मागितली. ओढा म्हणजे आमच्या विहिरीचा काठच. परवानगी देणाऱ्या कार्यालयातले साहेब आधी जागा बघणार, मग समाजमंदिरात सुनावणी घेणार असं कळलं. साहेबांनी मान डोलावली असती तर विहीर कायमची गेली असती, आणि विहिरीमागोमाग आमचं घर.

वस्तीची बैठक झाली. बोलणं लांबवायचं नाही, साहेब आले की त्यांना विहिरीचंच पाणी प्यायला द्यायचं, असं एकमतानं ठरलं. एक घोट पोटात गेला की भाषण नको आणि निवेदन नको. विहिरीला लागून घर आमचं, म्हणून पाणी द्यायचं काम माझ्या सासूबाईंकडं आलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या बैठकीत काही बोलल्या नाहीत. एरवी त्यांचा आवाज ओढ्यापलीकडं जातो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

साहेब आले ते पावसाळ्यात. नाकाला रुमाल लावून ढिगाभोवती फिरले, विहिरीत डोकावले. विहीर पावसानं तुडुंब भरलेली, वरून अगदी शहाण्यासारखी दिसत होती. पाण्याचा नमुना घेणारा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता. मग साहेब आमच्या पुढच्या सोप्यात टेकले. आत्यांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. दारात अख्खी वस्ती उभी होती. साहेबांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा करूनच खाली ठेवला.

"पाणी गोड आहे हो तुमचं," ते म्हणाले.

माझा नवरा हळूच आत गेला. कळशी उघडी होती.

साहेबांची गाडी वळली तशी वस्ती आत्यांवर तुटून पडली. नाही नाही ते बोलले लोक. आत्या शांतपणे तांब्या घासत होत्या.

"दारात आलेल्या माणसाला आपल्या हातानं घाण पाणी दिऊ व्हय?" त्या म्हणाल्या. "मला न्हाय जमायचं. तुमी द्या की तुमच्या घरात."

मला संताप आला होता. घरावर नांगर फिरायची वेळ आणि या बाईला पाहुणचार सुचतोय! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनीही मनधरणी केली नाही.

सुनावणीच्या दिवशी समाजमंदिर भरून बाहेर माणसं उभी होती. साहेबांनी पाहणीचा अहवाल वाचला. अंतर, वारा, रस्ता असं बरंच होतं, आणि मग ते वाक्य आलं: वस्तीतील पाणी रहिवाशांनी स्वतः प्यायला दिले, चवीत दोष आढळला नाही. ठेकेदाराचा माणूस खुर्चीत सैल झाला. सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं, तेवढ्यात शेजारी आत्या पदर खोचत उभ्या राहिल्या.

"सायेब, तुमी प्यालं ते पाणी उचगावचं. माझ्या लेकीच्या घरचं. आमच्या हिरीचं न्हवं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पावण्याला पाणी देताना कुठलं म्हणून सांगत्यात व्हय?"

लोक हसले. आत्या हसल्या नाहीत.

"समद्यांनी मला सांगितलं हुतं, हिरीचंच पाज म्हणून. माझा हात झाला न्हाय. वैरी जरी दारात आला तरी ते पाणी मी त्याला द्यायची न्हाय. आनि तुमी लिवलंय, पाणी चांगलं हाय. माझी नातवंडं तिथंच वाढायची हाईत की."

आणि त्या खाली बसल्या. मी त्यांच्याकडं बघत होते. या बाईबरोबर मी इतकी वर्षं एका चुलीवर रांधलं होतं, आणि इतकी वर्षं खिडकीतून नवल बघायला मान लांब करत होते. साहेबांनी अहवालातलं ते वाक्य सगळ्यांसमोर खोडलं आणि नमुना घेतल्याशिवाय निर्णय नाही असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ते नमुना घेणाऱ्याला घेऊन आले. या वेळी पोहरा स्वतः ओढला. पाणी बाटलीत भरताना नाकाला रुमाल लावला नाही. काम संपल्यावर आत्यांनी पुन्हा गूळ आणि तांब्या पुढं केला.

साहेबांनी गूळ घेतला. तांब्याकडं बघून विचारलं, "उचगावचं?"

"व्हय. प्या."

"मावशी, आज नको. तुमची विहीर चांगली झाली की तिचंच पितो."

आमच्या दारातून पाणी न पिता कुणी गेलं तर आत्या चार दिवस धुसफुसतात. त्या दिवशी त्यांनी तांब्या मुकाट्यानं आत नेला.

नमुन्यात विहीर नासल्याचं निघालं. परवानगी आली ती अटी घेऊन आली. ओढ्याकडं कचऱ्याची एक पाटीसुद्धा टाकायची नाही, जुना ढीग आधी उपसायचा, विहिरीचं पाणी ठरल्या वेळी तपासत राहायचं. आता दिवसभर यंत्रं डोंगर पोखरतात, माती, प्लास्टिक, चिंध्या वेगळ्या काढतात. जोतिबाची झाकलेली बाजू थोडी थोडी दिसायला लागली आहे. विहिरीचा वास कमी झालाय, पण पाणी अजून पिण्याजोगं नाही, आणि नवरा अजून रोज उचगावला जातो.

तो तांब्या आत्यांनी फळीवर पालथा घालून ठेवलाय. परवा घाईत मी दुसऱ्या पाहुण्यासाठी तो काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"त्यो ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "सायबाचं पाणी ऱ्हायलंय."